फोन कपाटात, तरी हात फोनकडे

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: "वर्षभरापासून आम्ही घरी शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, ज्यू विश्रांतीचा दिवस) नीट पाळायचा प्रयत्न करतोय. शुक्रवारी मेणबत्त्या लावायच्या आधी सगळ्यांचे फोन कपाटात ठेवतो, पण रात्री दहाच्या आत कुणी ना कुणी ते कपाट उघडतंच. ह्यांना वेळ बघायची असते, मला सकाळी सिनेगॉगला जायला गजर लागतो. सासूबाई दुसऱ्या गावात एकट्या राहतात, त्यांना मधुमेह आहे. त्यामुळे फोन बंद करायचा म्हटलं की ह्यांचा जीव खालीवर होतो. पंधरा वर्षांचा मुलगा पांघरुणात फोन बघतो, असं धाकटीने सांगितलं. मी त्याचा फोन तपासावा का? एरवी रोजची प्रार्थनाही आम्ही फोनवरूनच म्हणतो आणि मध्येच मेसेज येतात. सासऱ्यांच्या पुण्यतिथीची आठवण या वर्षी फोनने सकाळी केली, तोवर दिवा लावायची संध्याकाळ निघून गेली होती. स्मार्टफोनच सोडून द्यावा का?"

ताई,

तुमच्या घरात निश्चयाची कमी नाही. कमी आहे ती एका भिंतीवरच्या घड्याळाची, एका गजराची आणि अशाच चार-पाच साध्या वस्तूंची. पत्र पुन्हा वाचून बघा. यजमानांनी फोन काढला तो वेळ बघायला, तुम्ही काढला तो गजरासाठी. गप्पा मारायला किंवा बातम्या बघायला तुम्ही दोघांनी कपाट उघडलेलं नाही. आठवडाभर घराची दहा कामं फोन करतो. शुक्रवारी संध्याकाळी आपण फोन उचलून ठेवतो, कामं मात्र तिथेच राहतात. ज्या कामाला दुसरी सोय नाही, त्या कामासाठी फोन परत बाहेर येतो. आणि एकदा तो हातात आला की माणूस वेळ बघून थांबत नाही. म्हणून आधी कामांची सोय लावायची आणि मग फोन ठेवायचा. हा क्रम उलटा झाला की तुमच्याकडे होतंय तसंच होतं.

शब्बाथला फोन का चालत नाही, हे मुलांना कारणासकट सांगा, कारण "चालत नाही म्हणजे नाही" हे उत्तर पंधराव्या वर्षी पुरत नाही. मिश्ना या ज्यू नियमांच्या प्राचीन संग्रहात शब्बाथला वर्ज्य अशी 39 कामं मोजली आहेत. वीज त्यात नावानिशी असणं शक्यच नव्हतं, त्यामुळे ती कुठल्या कामात मोडते यावर विसाव्या शतकातल्या रब्बींमध्ये (ज्यू धर्मगुरूंमध्ये) खरीखुरी चर्चा झाली. खझोन इश या नावाने ओळखले जाणारे रब्बी अव्राहम येशाया कारेलिट्झ (1878–1953) यांचं म्हणणं असं की परिपथ जोडणं म्हणजे एक प्रकारे बांधकाम. रब्बी श्लोमो झाल्मान आवरबाख (1910–1995) यांना ते पटलं नाही. त्यांनी एकेक कारण तपासलं आणि जिथे उष्णता किंवा उजेड नाही तिथे तोराची (मूळ धर्मग्रंथाची) थेट बंदी दिसत नाही असं मांडलं, पण समाजाने स्वीकारलेली प्रथा म्हणून वापर वर्ज्यच ठरवला. त्यात फोनवर अक्षरं उमटतात, पुसली जातात, आवाज निर्माण होतो. कारणांबद्दल मतभेद आहेत, पण आचरण काय असावं यावर ऑर्थोडॉक्स परंपरेत एकमत आहे. मुलाला हा वाद तसाच्या तसा सांगा. मोठ्या माणसांनी या प्रश्नावर डोकं लावलंय हे कळलं की नियमाकडे बघायची नजर बदलते.

आता कामांकडे वळू या. या गुरुवारी कागद घ्या आणि गेल्या दोन शब्बाथांत कुणी कशासाठी फोन काढला ते लिहा. वेळ, गजर, अंधारात उजेड, प्रार्थनेचा मजकूर, शब्बाथ किती वाजता संपतो ते बघणं, आणि एखाद्याचा पत्ता किंवा नंबर. बहुतेक घरांत यादी एवढ्यावरच संपते.

वेळेसाठी बैठकीच्या खोलीत आणि झोपायच्या खोलीत एकेक काट्यांचं घड्याळ लावा. मनगटावर साधं घड्याळ असू द्या. स्मार्टवॉच मात्र फोनबरोबरच ठेवायचं, कारण हात वळवला की त्याचा पडदा उजळतो.

गजराच्या बाबतीत एक चूक हमखास होते. काट्यांचं गजराचं घड्याळ फक्त बारा तासच ओळखतं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला तुम्ही सकाळच्या सातचा गजर लावलात, तर तो तासाभरात, संध्याकाळी सातलाच वाजेल, ऐन किद्दुशच्या, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या शब्बाथच्या आशीर्वादाच्या वेळी. म्हणून चोवीस तासांचं डिजिटल घड्याळ घ्या. शक्य असेल तर वाराप्रमाणे गजर लावता येणारं. दुसरी अडचण अशी की शब्बाथला बटण दाबून तो बंद करता येत नाही. त्यामुळे आपोआप थांबणारंच घड्याळ हवं. काही घड्याळं मिनिटभराने थांबतात, काही तासभर कोकलत राहतात, आणि खोक्यावर हे लिहिलेलं नसतं. मधल्या एखाद्या दिवशी गजर लावा, हात न लावता वाजू द्या आणि किती वेळ वाजतो ते मोजा. दोन मिनिटांच्या वर वाजत असेल तर ते घड्याळ शब्बाथसाठी घेऊ नका. फोनचाच गजर लावून तो दूर ठेवायचा, हा उपाय सुचवू नये असं माझं मत आहे. गजर वाजला की हात तिकडे जाणारच, आणि तेही अर्धवट झोपेत.

उजेडासाठी न्हाणीघरातला दिवा आणि बोळातला एक मंद दिवा शुक्रवारीच लावून ठेवा, किंवा टायमरवर सोडा. टायमर बसवल्यावर त्याच्यावरची वेळ घरातल्या घड्याळाशी जुळवून घ्या. वीज गेली असेल तर यांत्रिक टायमर तेवढा मागे पडतो आणि मग दिवे भलत्याच वेळी लागतात-जातात.

वेळांसाठी दर गुरुवारी एक चिठ्ठी लिहा आणि फ्रिजच्या दारावर लावा. तीवर चार वेळा: मेणबत्त्या लावायची वेळ, सूर्यास्त, शनिवारी सकाळी शेमा (देव एकच आहे असं सांगणारी रोजची प्रार्थना) म्हणायची शेवटची वेळ, आणि शब्बाथ संपायची वेळ. या वेळा अ‍ॅपमधून खुशाल घ्या, पण आधी अ‍ॅपमध्ये गाव कोणतं दिसतंय ते बघा. प्रवासाहून आल्यावर अ‍ॅप जुन्याच गावाच्या वेळा दाखवत राहिलंय, हे नेहमी घडतं. मेणबत्त्या बहुतेक ठिकाणी सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी लावतात, जेरुसलेममध्ये 40 मिनिटं. शब्बाथ संपायच्या वेळेतही अ‍ॅप पर्याय देतं: कुठे सूर्य क्षितिजाखाली 8.5 अंश गेल्यावर, कुठे सूर्यास्तानंतर 72 मिनिटांनी. तुमच्या सिनेगॉगमध्ये कोणती वेळ धरतात ते एकदा विचारून तोच पर्याय कायमचा लावून ठेवा, म्हणजे दर आठवड्याला "आज कधी संपतंय" म्हणून वाद होणार नाही.

शेमाची वेळ बऱ्याच जणांना गोंधळात टाकते. ती घड्याळाच्या तासांवर चालत नाही. दिवसाच्या उजेडाचे बारा भाग करतात, त्यातला एक भाग म्हणजे एक तास, आणि शेमा तिसरा तास संपायच्या आत म्हणायची. सूर्योदय साडेपाचला आणि सूर्यास्त रात्री साडेआठला असेल तर उजेड पंधरा तासांचा, म्हणजे एक "तास" 75 मिनिटांचा. मर्यादा येते सव्वानऊला. दिवस पहाटेपासून मोजायचा की सूर्योदयापासून, यावरही दोन मतं आहेत, म्हणून अ‍ॅपमध्ये दोन वेळा दिसतात. आधीची गाठलीत तर दोन्ही मतं सांभाळली जातात.

फोन कुठे ठेवायचे? कपडे किंवा पांघरुणं असलेल्या कपाटात नकोत. वापर वर्ज्य असल्याने फोन मुक्त्से ठरतो, म्हणजे शब्बाथला सहज उचलून हलवायचा नाही अशी वस्तू. आणि एखाद्या खणात फक्त फोनच ठेवले असतील, तर तो खणही त्यांचा आधार म्हणून मुक्त्से ठरू शकतो. मग त्याच कपाटातला मुलांचा स्वेटर काढताना पंचाईत होते. शब्बाथला कुणाला हात लावायची गरजच पडणार नाही अशी एक फळी निवडा, तिच्यावर झाकणाचा डबा ठेवा. डब्याला कुलूप लावू नका. काही घरांत लावतात, पण खऱ्या संकटात किल्ली शोधत बसायची वेळ येऊ नये.

फोन नुसते सायलेंट करून ठेवणं पुरत नाही. आजकालचे फोन उचलले, कलले, कधी नुसता स्पर्श झाला तरी उजळतात. सायलेंट फोन टेबलावर थरथरतो आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. पूर्ण बंद करा. त्याबरोबर घरात आवाजावर चालणारा स्पीकर असेल तर त्याची वायर काढून ठेवा. आपण हाक कुणाला मारतोय हे त्याला कळत नाही, आणि किद्दुशच्या मध्येच तो उत्तर देतो.

शुक्रवारचं वेळापत्रक मेणबत्त्यांच्या वेळेपासून उलटं मोजा. तीन तास आधी ज्यांना रात्री फोन करायची सवय आहे त्यांना कळवा आणि ऑफिसच्या ईमेलला आपोआप जाणारं उत्तर लावा. एक तास आधी सासूबाईंना फोन, घाईने नव्हे, बसून. त्याबद्दल पुढे लिहिते आहे. चाळीस मिनिटं आधी शेवटचे मेसेज बघून घ्यायचे. पंचवीस मिनिटं आधी सगळ्यांचे फोन बंद करून डब्यात, आणि पहिला फोन आईवडिलांचा. मेणबत्त्यांची वेळ आणि फोनची वेळ एकच ठेवलीत तर एक मिनिटाचं काम दहा मिनिटं खातं आणि 18 मिनिटांतली बरीचशी त्यातच जातात. ही 18 मिनिटं राखीव आहेत, वापरायची नाहीत.

आता सासूबाई. या एका काळजीपायी यजमानांचं लक्ष सारखं फोनकडे लागत असेल, तर आधी तीच मिटवा, बाकीचं आपोआप सैल होईल. जीव वाचवणं शब्बाथच्या वर आहे. पिकुआख नेफेश म्हणतात ते हेच. शुल्खान आरूख या ज्यू धर्मनियमांच्या संहितेत इतक्या स्पष्ट शब्दांत आहे की जो धाव घेतो तो स्तुतीला पात्र, आणि जो विचारत बसतो तो रक्त सांडतो. सासूबाईंच्या जिवाला धोका आहे असं वाटण्यासारखं कारण असेल तर फोन करायचा, घ्यायचा, गाडी काढायची. त्या वेळी रब्बींना विचारायला थांबायचं नाही. विचारायचं ते आधी, मधल्या वारी.

त्यासाठी एक साधा बटणांचा फोन घ्या. त्याचा नंबर दोघांनाच द्या: सासूबाईंना आणि त्यांच्या शेजारच्या एका भरवशाच्या माणसाला. शुक्रवारी तो पूर्ण चार्ज करून, आवाज मोठा ठेवून, स्वयंपाकघरात ठरलेल्या जागी ठेवा. नंबर दुसऱ्या कुणाकडेच नसला की वाजलेला फोन म्हणजे तिकडची हाक, एवढं गृहीत धरता येतं. स्मार्टफोन या कामाला नको. तो चालू ठेवायचा तर पन्नास मेसेजही येणार, आणि बंद ठेवला तर गरजेच्या वेळी सुरू व्हायला मिनिट जाणार. नंबर मात्र कंपन्यांच्या जाहिरात याद्यांत जाऊ देऊ नका, कुठल्याही फॉर्मवर लिहू नका.

तिकडच्या बाजूलाही सोय हवी. शेजारच्या माणसाने शुक्रवारी रात्री आणि शनिवारी सकाळी दारात डोकावून जावं. साखर उतरल्याची लक्षणं त्याला लिहून द्या: घाम, हात थरथरणं, बोलण्यात गोंधळ. साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली तर 15 ग्रॅम साखर पोटात जायला हवी, म्हणजे साधारण तीन-चार लहान चमचे पाण्यात विरघळवून, आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काहीही द्यायचं नाही, सरळ रुग्णवाहिका बोलवायची. सासूबाई शब्बाथ पाळत असतील तर रक्त तपासायचं यंत्र वापरायला त्यांना संकोच वाटेल. तो संकोच आधीच, त्यांच्या रब्बींकडून आणि डॉक्टरांकडून दूर करून घ्या. अंगावर सेन्सर लावून फोनवर साखर बघत असतील, तर त्या सेन्सरचा स्वतंत्र छोटा रिसीव्हर मिळतो का ते डॉक्टरांना विचारा. तो असला की स्मार्टफोनशिवाय भागतं.

रब्बींना विचारायचे प्रश्न लिहूनच न्या, नाहीतर मोघम उत्तर घेऊन याल. फोन वाजला तर बोटाऐवजी हाताच्या उलट्या बाजूने उचलावा का, बोलणं संपल्यावर पुढच्या कॉलसाठी ओळ मोकळी करायची असेल तर काय, आणि चुकून वाजला असेल तर पुढचा फोन घ्यायचा का? वेळ न दवडता करता येत असेल तेव्हा नेहमीपेक्षा वेगळ्या पद्धतीने कृती करायची, हे तत्त्व आहे. पण तुमच्या घरची परिस्थिती ऐकून त्यांनी सांगितलेलं तुम्हाला त्या क्षणी आठवेल, पुस्तकातलं आठवणार नाही.

मुलाबद्दल आता. हा भाग सर्वात नाजूक आहे, आणि तुम्ही विचारल्याशिवाय काही केलं नाहीत याचं मला बरं वाटलं.

त्याचा फोन गुपचूप तपासू नका. नुसता विश्वास मोडेल म्हणून मी हे म्हणत नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या रब्बेनू गेर्शोम (सुमारे 960–1040) यांच्या नावाने जे बंदीहुकूम चालत आले आहेत, त्यांतला एक दुसऱ्याचं पत्र त्याच्या परवानगीशिवाय वाचू नये असा आहे. आजचे रब्बी तो ईमेल आणि मेसेजनाही लावतात. आईवडिलांना आपल्या मुलाच्या बाबतीत वेगळं काही करता येतं का, यावर बोलता येईल, पण परवानगीने हा प्रश्नच मिटतो. फोन देताना किंवा बदलून घेताना, "आम्ही अधूनमधून तुझ्यासमोर बसून बघू, तुझ्यामागे बघणार नाही" असं ठरवा आणि तसंच वागा. त्याला हा रब्बेनू गेर्शोमचा नियम सांगा. धर्म त्याला नुसता अडवत नाही, त्याचं खासगीपणही राखतो, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू येऊ दे.

शब्बाथला मेसेज करणारा तो एकटा नाही. बाकी सगळं पाळणारी, पण फोन सोडू न शकणारी मुलं ठिकठिकाणी आहेत, आणि याला "अर्धा शब्बाथ" असं नावही पडलंय. यातली बहुतेक मुलं बंड करत नसतात. वर्गातल्या मित्रांच्या गप्पा शुक्रवारी रात्रीच रंगतात, रविवारी सगळे त्याच गोष्टींवर हसत असतात, आणि याला काहीच ठाऊक नसतं. पंधराव्या वर्षी हे दुःख लहान नसतं. तेव्हा त्याला विचारा, "रात्री अकराला तिथे काय चाललेलं असतं?" आणि ऐकून घ्या. उत्तर मित्र असेल तर मित्रांनाच शुक्रवारी जेवायला बोलवा, दर दोन आठवड्यांनी एकाला तरी. गटात त्याने स्वतः एकदा लिहावं की शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र मी नसतो. पहिले दोन आठवडे चेष्टा होते, मग लोक विसरतात. उत्तर झोप न येणं असेल तर त्याच्या उशाशी मंद दिवा आणि त्याच्या आवडीचं जाड पुस्तक ठेवा. तोराचंच असावं असा आग्रह धरू नका.

आणखी एक गोष्ट करा, आणि ती शुक्रवारपुरती नको. चार्जर झोपायच्या खोल्यांतून हलवा, सगळ्यांचे, तुमचेही. आठवडाभर रात्री फोन उशाशी असला आणि एकाच रात्री तो काढून घेतला, तर ती रात्र शिक्षेसारखी वाटते. रोजच फोन बाहेर झोपत असतील तर शुक्रवार वेगळा वाटणार नाही.

त्याला फोनसह पाहिलंत तर त्या क्षणी ओढून घेऊ नका, धाकटीसमोर तर मुळीच नाही. चारचौघांत एखाद्याचा चेहरा पाडणं हे रक्त सांडण्यासारखं आहे असं तल्मूद हा ज्यू धर्मग्रंथ सांगतो. "शब्बाथ आहे रे," एवढं हळू म्हणा आणि खोलीबाहेर या. बोलणं रविवारी, दोघांनीच, जेवणाच्या वेळी नाही. आणि धाकटीला सांगा की दादाबद्दल काही वाटलं तर आधी दादालाच सांगायचं. तिला चुगलीची सवय लागणं हेही घरातलं नुकसानच आहे.

फोनवरून प्रार्थना म्हणणं चालतं. पण शुल्खान आरूख सांगतो की अमिदा (उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना) म्हणताना हातात असं काही धरू नये ज्याची काळजी मनाला लागून राहील: काठोकाठ भरलेलं भांडं, सुरी, पैसे. प्रार्थनापुस्तक चालतं, कारण ते प्रार्थनेसाठीच आहे. तुमचा फोन त्या क्षणी कशात मोडतो हे तुम्हीच ठरवा. माझा सल्ला असा की अमिदासाठी छापील सिद्दूर (प्रार्थनापुस्तक) घ्या, प्रत्येकाला एक, त्याच्या हाताला सवय होईल असं. बाकी प्रार्थना आणि जेवणानंतरचे आशीर्वाद फोनवरून म्हणायचे असतील तर मजकूर आधी उतरवून ठेवा म्हणजे इंटरनेट लागणार नाही, विमान मोड लावा, आणि पडदा बंद व्हायची वेळ 10 मिनिटं करा. ती 30 सेकंदांवर असली की दर अर्ध्या मिनिटाला बोट लावावं लागतं आणि मन शब्दांवरून उडतं. नुसतं "व्यत्यय नको" लावून भागत नाही, कारण त्यात परत परत येणारे कॉल आत सोडायची सोय असते. आयफोनवर तीन मिनिटांत दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजतो, अँड्रॉइडवर 15 मिनिटांत. एरवी ती सोय चांगली, सासूबाईंसाठी तर चालूच ठेवा, फक्त प्रार्थनेपुरतं विमान मोड.

पुण्यतिथी का चुकली ते सरळ आहे. फोनचा दिवस मध्यरात्री बदलतो, हिब्रू दिवस सूर्यास्ताला. 24 तासांचा दिवा आदल्या संध्याकाळी लावायचा असतो, आणि फोनने तिथीच्या दिवशी सकाळी आठवण केली. आता तिथी पुन्हा काढताना निधन सूर्यास्ताआधी झालं की नंतर, हे तपासा. तारीख बदलून देणाऱ्या बहुतेक अ‍ॅपमध्ये "सूर्यास्तानंतर" असा एक चौकोन असतो. तो राहिला तर तिथी एक दिवस अलीकडे येते आणि वर्षानुवर्षं चुकत राहते. मग आठवण आदल्या दिवशी दुपारी दोनची लावा, आणि आठवडाभर आधीची आणखी एक, म्हणजे दिवा विकत आणायला वेळ मिळेल. इंग्रजी तारखेवर "दरवर्षी" असं लावू नका, तिथी दरवर्षी सरकते. निधन अदार या हिब्रू महिन्यात झालं असेल तर रब्बींना विचाराच, कारण 19 वर्षांत 7 वेळा अदार दोनदा येतो. 2026 च्या सप्टेंबरमध्ये सुरू होणारं 5787 हे वर्ष तसंच आहे.

हाच हिशोब ओमेरच्या, म्हणजे पेसाख ते शावुओत या सणांमधले दिवस मोजायच्या 49 रात्रींना. एक आठवण रात्री तारे दिसल्यानंतरची, दुसरी सकाळची. रात्र राहिली तर दिवसा आशीर्वादाशिवाय मोजता येतं आणि पुढच्या रात्री पुन्हा आशीर्वादासह. अख्खा दिवस निसटला तर मात्र पुढे आशीर्वाद नाही. मोजण्याआधी कुणी "आज कितवा?" म्हणून विचारलं तर "काल इतकावा होता" असं सांगायचं, कारण आजचा आकडा तोंडून गेला तर तेच मोजणं ठरू शकतं. शुक्रवारी रात्री फोन आठवण करणार नाही, म्हणून त्या सात आठवड्यांचा कागद जेवणाच्या टेबलाजवळ लावा.

स्मार्टफोन सोडावा का? काही समाजांनी तो रस्ता धरला आहे. इस्रायलमध्ये हारेदी (कडक धर्मनिष्ठ) समाजात इंटरनेट आणि मेसेज नसलेले "कोशेर फोन" सर्रास आहेत, आणि 20 मे 2012 ला न्यूयॉर्कच्या सिटी फील्ड मैदानावर इंटरनेटच्या धोक्यावर 40 हजारांहून जास्त पुरुष जमले होते. त्यांची काळजी खरी आहे. पण तुमच्या पत्रात जी दुखणी आहेत ती फोन सोडल्याने बरी होतील असं मला वाटत नाही, आणि मेसेज नसलेल्या फोनवर बँकेचा कोडही येत नाही. मुलासाठी फिल्टर हवा असेल तर तो फोनमध्येच बसवा. नुसता वायफायवर बसवलेला फिल्टर मोबाइल डेटा चालू करताच निरुपयोगी होतो. त्याचा पासवर्ड तुमच्या दोघांपैकी एकाकडे असू द्या.

रोश हाशाना (ज्यू नववर्षाचा दोन दिवसांचा सण) गुरुवारी आली की पुढे लगेच शब्बाथ, असे सलग तीन दिवस जातात. 2028 मध्ये तसं आहे, 21 सप्टेंबरला. इस्रायलबाहेर इतर सणांनाही हा योग येतो. बटणांचा फोन तीन दिवस चार्जवरच लावून ठेवा, आणि गजराचं घड्याळ तिन्ही सकाळी वाजेल असं लावता येतं का ते आधी बघा.

शनिवारी रात्री डबा कधी उघडायचा? तारे दिसल्यावर आणि हावदाला, म्हणजे शब्बाथला निरोप देणारा विधी झाल्यानंतर. हावदालाला उशीर होणार असेल तर "बारूख हामावदील बेन कोदेश लेखोल" (पवित्र आणि साध्यात भेद करणारा तो धन्य) एवढं म्हटलं की कामांना मोकळीक मिळते. तरी डबा हावदालाची वेणीची मेणबत्ती विझल्यावरच उघडावा, सगळ्यांचा एकदम, असा घराचा नेम करा. नाहीतर एकजण पडद्याकडे बघत द्राक्षरसाचा पेला धरतो. पहिला फोन सासूबाईंना. त्यांना एकट्याने हावदाला म्हणणं जमत नसेल तर फोनवरून ऐकलेली चालते का, हा प्रश्न जुना आहे. रब्बी आवरबाख यांच्या मते फोनवरचा आवाज माणसाचा स्वतःचा नसतो, म्हणून नाही. रब्बी मोशे फाइनश्टाइन (1895–1986) यांनी दुसरा काहीच मार्ग नसेल तेव्हा मुभा दिली. सासूबाईंकडे जाता येत असेल तर मेणबत्ती आणि सुगंधाशिवाय मंगळवारच्या सूर्यास्तापर्यंत हावदाला म्हणता येते. आणि त्यांच्या गावात शब्बाथ तुमच्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी संपत असेल, तर तुम्ही लगेच लावलेला फोन त्यांच्याकडे शब्बाथमध्येच वाजेल. फ्रिजवरच्या चिठ्ठीत त्यांच्या गावची वेळही लिहीत जा.